तेच शब्द, खालचा आवाज

२००२ च्या अखेरीस मॅडलिब, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत (बीट) करणारा अमेरिकन निर्माता, ब्राझीलमध्ये होता. साओ पावलोच्या हॉटेलातली एक खोली, बरोबर नेता येईल असा छोटा टर्नटेबल, एक कॅसेट डेक आणि बॉस कंपनीचा एसपी-३०३ सॅम्पलर, म्हणजे जुन्या रेकॉर्डचे तुकडे (सॅम्पल) साठवून वाजवणारं यंत्र. एवढ्या सामानावर त्याने 'मॅडव्हिलनी' या, रॅपर एमएफ डूमबरोबरच्या अल्बमचे बरेचसे बीट उभे केले. त्याच दरम्यान अल्बमचा अर्धाकच्चा डेमो चोरीला गेला आणि इंटरनेटवर पसरला, अधिकृत अल्बम यायच्या चौदा महिने आधी. इथपर्यंतची गोष्ट अंडरग्राउंड हिप-हॉप ऐकणाऱ्या बहुतेकांना पाठ असते. मला डाचत राहतं ते पुढचं. मॅडलिब आणि कायम मुखवटा घालून वावरणारा डूम दोघेही वैतागले, काम बाजूला पडलं. २००३ मध्ये डूमने किंग गिडोरा आणि व्हिक्टर वॉन या दोन वेगळ्या नावांनी दोन अल्बम काढले, मॅडलिबने जे डिला या दुसऱ्या निर्मात्याबरोबर 'चॅम्पियन साउंड' केला. मग दोघे या अर्धवट कामाकडे परत वळले तेव्हा डूमने आपला आवाज नव्याने रेकॉर्ड केला. काही ओळी बदलल्या, पण मुख्य म्हणजे आवाजाची पट्टीच बदलली. डेमोत तो चढा, उसळता होता. तो त्याने खाली आणला आणि सैल सोडला.

असं कोण करतं?

फुटलेली प्रत लोकांनी उचलून धरली होती. अशा वेळी दोनच वाटा व्यवहाराला धरून असतात. एक तर लोकांच्या तोंडी बसलेलं आहे तसंच घाईने बाजारात आणायचं, नाही तर ते सोडून देऊन नवी गाणी करायची. डूमने तिसरंच केलं. गाणी तीच, बीट बहुतेक तेच, शब्दही बरेचसे तेच, आणि म्हणणारा माणूस मात्र जणू दुसरा. डेमो आणि २३ मार्च २००४ ला स्टोन्स थ्रो लेबलने काढलेला अल्बम लागोपाठ ऐकले की पहिल्या मिनिटातच हे कानाला कळतं. डेमोतला डूम ओळीचा शेवटचा शब्द आपटतो, समोर गर्दी असल्यासारखा. अल्बममधला डूम ओळ संपवायची तसदीही घेत नाही. व्यंजनं अर्धी गिळतो, यमक येऊन जातं आणि पुढच्या ओळीत गेल्यावर लक्षात येतं की मघाशी तीन शब्द एकमेकांना जुळले होते. पहिल्यात ऊब जास्त आहे, हे मी नाकारणार नाही. एकदोन गाण्यांत तर अजूनही मला डेमोच बरा वाटतो. पण सगळा अल्बम एका बैठकीत ऐकायचा तर चढा आवाज दहाव्या गाण्यापर्यंत थकवतो, आणि इथे गाणी बावीस आहेत.

आवाज खाली का आणला याचं उत्तर लोक स्वभावात शोधतात, मनःस्थितीत शोधतात. असेलही. माझा कान मात्र वारंवार बीटकडे जातो. हे बीट ज्या पद्धतीने तयार झाले, त्यात चढ्या आवाजाला मुळात जागाच फार कमी होती.

सॅम्पलरवर केलेला बीट दोन प्रकारांनी रॅपरच्या हाती पडतो. पहिला प्रकार सुट्या ट्रॅकचा: ड्रममधली किक वेगळी, स्नेअर वेगळा, बेस वेगळा, सॅम्पल वेगळं, म्हणजे मिक्स करणाऱ्याला प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त करता येतो. दुसरा प्रकार टू-ट्रॅकचा: सगळं मिळून डावा आणि उजवा असे दोनच चॅनल, एकदा कॅसेटवर किंवा सीडीवर उतरलं की उतरलं. मॅडलिबची रीत दुसरी. तो बीटनी भरलेल्या सीडी द्यायचा, समोरचा त्यातून निवडायचा. हॉटेलच्या खोलीत एसपी-३०३ वर केलेल्या कामाचे सुटे ट्रॅक येणार कुठून? यंत्राला आठ पॅड. त्यांवर सॅम्पलचे तुकडे ठेवायचे, पॅटर्न वाजवायचा, आणि यंत्राच्या आउटपुटमधून जे बाहेर येतं ते सरळ टेपवर घ्यायचं. वर पुन्हा या यंत्रातला कॉम्प्रेसर आणि 'व्हायनल सिम' नावाचा इफेक्ट आहे, जो सगळ्या आवाजाला दाबून एकजीव करतो आणि जुन्या तबकडीचा खरखरीतपणा चढवतो. बीट ऐकायला दाट, उबदार होतो, आणि नंतर त्यातलं काहीही सुटं करता येत नाही.

आता यावर माणसाचा आवाज बसवायचा. शब्द स्पष्ट कळायला लागणारी व्यंजनं साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. स्नेअरचा कडकपणा तिथेच, जुन्या रेकॉर्डवरच्या पियानोचा, तुतारीचा, गिटारचा टोकदार भागही तिथेच. सुटे ट्रॅक असते तर सॅम्पलचा तेवढा पट्टा दोन-तीन डेसिबल खाली घेऊन आवाजाला वाट करून देता आली असती. टू-ट्रॅकवर तेच केलं की स्नेअरही त्याबरोबर बसतो आणि गाण्याचा कणा जातो. बीटचा आवाज सरसकट कमी केला तर बेस पातळ वाटतो. आवाज मोठा केला तर तो बीटच्या आत न राहता वर तरंगतो, दुसऱ्याच खोलीतून आल्यासारखा. नवख्या मिक्समध्ये ही चूक पहिल्याच ओळीला ऐकू येते आणि नंतर कितीही प्लगिन लावले तरी ती जात नाही, कारण चूक मिक्समध्ये नसून रेकॉर्डिंगमध्ये असते.

माणूस आवाज चढवतो तेव्हा आवाज फक्त मोठा होत नाही, त्याचा पोत बदलतो. एक मीटरवरून मोजलं तर साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं आणि जोरात बोलणं ७५ च्या पुढे जातं. पण त्या वाढीत खालच्या सुरांपेक्षा वरच्या सुरांची वाढ जास्त असते. म्हणजे चढा आवाज नेमका त्याच २ ते ४ किलोहर्ट्झच्या गर्दीत घुसतो. उलट आवाज सैल सोडला की वरचं टोक बोथट होतं, छातीतला भाग पुढे येतो. त्यात मायक्रोफोन तोंडापासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर ठेवला तर कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) माइक जवळच्या आवाजातला २०० हर्ट्झच्या खालचा भाग आपोआप फुगवतो. आवाज जाड, जवळचा, कानाशी बोलल्यासारखा होतो. आणि त्या जाडपणाची जागा बीटमध्ये बहुधा रिकामी असते, कारण जुन्या सॅम्पलमधला बेस मॅडलिब अनेकदा तसाच पातळ ठेवतो. मग फक्त ८० हर्ट्झच्या खालचा घुमारा कापायचा, बाकी फारसं काही करावं लागत नाही.

अर्थात हळू आवाजाची किंमत असते. प्रीअँपचा गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायची पातळी, दहा-पंधरा डेसिबल वर न्यावी लागते, आणि त्याबरोबर खोलीही वर येते: पंखा, कपड्यांची सळसळ, वहीचं पान उलटल्याचा आवाज, ओठ सुटल्याची टिचकी. स्वच्छ डिजिटल बीटवर हे सगळं उघडं पडतं. खरखरत्या सॅम्पलवर ते विरघळून जातं. खरखर ही इथे नुसती आठवणींची सजावट नाही, ती काम करते. हे डूमने असं आखून केलं असा माझा दावा नाही. कानाने ते त्याला कळलं असणार एवढंच.

लॉस एंजेलिसमध्ये माउंट वॉशिंग्टनला स्टोन्स थ्रोचं घर होतं, त्यात बॉम्बपासून बचावासाठी बांधलेलं एक जुनं तळघर होतं आणि मॅडलिबचं कामाचं ठिकाण ते. डूम तिथे येऊन राहायचा तेव्हा दोघे तासन्‌तास समोरासमोर बसून चर्चा करायचे असं चित्र डोळ्यांसमोर येत असेल तर ते पुसून टाकायला हवं. एक तळघरात बीट करतोय, दुसरा बाहेर बसून लिहितोय, मधे एक सीडी इकडून तिकडे जातेय, असा तो मामला. सहयोग म्हटलं की आपल्याला संवाद हवा असतो, एकमेकांच्या वाक्यात वाक्य मिसळणं हवं असतं. इथे एकाने जे दिलं त्यात दुसऱ्याला बदल करता येत नव्हता. बीट हा निकाल होता. त्यात स्वतःला कसं बसवायचं हाच प्रश्न.

आणि बसवायचं म्हणजे मोजून बसवायचं. ताल मिनिटाला ९० मात्रांचा धरला तर चार मात्रांचं एक आवर्तन, ज्याला रॅपर बार म्हणतात, २.६७ सेकंदांचं होतं. सोळा बारांचा नेहमीचा व्हर्स, म्हणजे रॅपचं एक कडवं, जेमतेम ४३ सेकंदांत संपतो. साधारण धाटणीच्या गाण्यात असे तीन व्हर्स, मधे आठ-आठ बारांचा हूक, म्हणजे ध्रुवपद, तीनदा, वर सुरुवात-शेवट, म्हणजे साडेतीन मिनिटं सहज. 'मॅडव्हिलनी'त 'फॅन्सी क्लाउन' १ मिनिट ५५ सेकंदांचं आहे, 'कर्ल्स' १:३५, 'ॲकॉर्डियन' १:५८. बावीस गाणी मिळून ४६ मिनिटं. हा आकडा कसा साधला? हूक जवळपास काढूनच टाकले. बीट सुरू होतो, डूम बोलायला लागतो, बोलून झालं की गाणं संपतं. गुणगुणायला परत परत येणारी ओळ नसल्यामुळे ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदा ऐकण्याशिवाय गत्यंतर नसतं.

हूक नसला की सगळा भार यमकांवर येतो. डूमची यमकं ओळीच्या शेवटी वाट बघत उभी राहत नाहीत. तीन-चार अक्षरांचा एक ध्वनिगट तो एका ओळीच्या मधे टाकतो, त्याचा जोडीदार पुढच्या ओळीच्या दुसऱ्या मात्रेवर, तिसरा समेच्या अलीकडे. वाक्य बारच्या रेषेवरून पलीकडे सांडतं. चढ्या आवाजात हे करणं अवघड, कारण जोर दिला की श्वास लवकर संपतो आणि वाक्य रेषेच्या अलीकडेच तोडावं लागतं. खालच्या आवाजात एका श्वासात दोन बार, कधी तीनही निघतात. पुन्हा रेकॉर्ड करताना हा फायदा हाती लागला, असं दोन्ही प्रती लावून बघितल्या की जाणवतं: श्वास घ्यायच्या जागा सरकल्या आहेत.

पुन्हा आवाज देणं हे सांगायला सोपं, करायला किचकट. जुनी ओळ तोंडात इतकी बसलेली असते की जीभ जुन्याच जोरावर घसरते. मुख्य आवाजाच्या खाली दुसरा थर दिला असेल तर तोही फेकून नव्याने द्यावा लागतो, कारण जुन्या चढ्या थरावर नवा खालचा आवाज ठेवला की दोन माणसं भांडत असल्यासारखं वाटतं. बीट कॅसेटवरून पुन्हा घेतला असेल तर आणखी एक भानगड. दोन डेकच्या वेगात एक टक्का फरक असला तरी दोन मिनिटांच्या गाण्यात १.२ सेकंदांची तफावत जमा होते. ९० च्या तालात एक मात्रा ०.६७ सेकंदांची, म्हणजे गाणं संपेपर्यंत आवाज जवळपास दोन मात्रा घसरलेला. म्हणून टेपवरून आलेला बीट एकदाच संगणकात घ्यायचा आणि पुढे प्रत्येकाने तीच फाइल वापरायची. घाईत नेमकं हेच सुटतं.

आता पाहुण्यांकडे येऊ. इथे हा अल्बम मला सगळ्यात विचित्र वाटतो, आणि सगळ्यात शहाणाही. मोठ्या अल्बमांवर पाहुणा रॅपर येतो तो नाव घेऊन: मुखपृष्ठावर त्याचं नाव, गाण्यात तिसरा व्हर्स त्याचा, त्याच्या आधी यजमानाने केलेला पुकारा. 'मॅडव्हिलनी'त पाहुणे मोजके, बहुतेक मॅडलिबच्या ऑक्सनार्डच्या जुन्या गोतावळ्यातले. 'रेड'मध्ये मेडाफोर, म्हणजे एम.ई.डी., दुसरा व्हर्स म्हणतो. बीटच्या सुरुवातीला जॅझवादक बिल एव्हान्सच्या पियानोचा तुकडा आहे, मग ओस्मार मिलितो आणि क्वार्तेतो फोर्मा यांच्या ब्राझिलियन रेकॉर्डचा लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा. डूम त्यावर लोळत लोळत जातो आणि एम.ई.डी. सरळ चालतो, प्रत्येक मात्रेवर पाय देत. त्याच्या व्हर्समध्ये कमाल काही नाही, पण तो नसता तर डूमचं लोळणं इतकं उठून दिसलं नसतं. पाहुण्याने यजमानापेक्षा वरचढ व्हायला हवं ही रॅपमधली जुनी खुमखुमी; इथे तिचा पत्ताच नाही.

'हार्डकोर हसल'मध्ये तर डूम आहेच कुठे? ते गाणं वाइल्डचाइल्ड या रॅपरचं, एक मिनिट एकवीस सेकंद. 'आय'मध्ये फक्त स्टेसी एप्स गाते. 'शॅडोज ऑफ टुमॉरो'मध्ये क्वासिमोटो, म्हणजे मॅडलिबचंच दुसरं रूप, आहे आणि १९९३ मध्ये गेलेल्या जॅझ संगीतकार सन राचे शब्द आहेत, डूम नाही. आपल्या नावाच्या अल्बमवरून माणूस मधेच उठून जातो आणि पाहुण्याला अख्खी खोली देतो. खरं सांगायचं तर 'हार्डकोर हसल' मला अजूनही अडखळवतं. वाइल्डचाइल्डचा वेग चांगला आहे, पण त्याच्या आधी 'फिगारो' संपलेलं असतं, ज्यात यमकांचा असा काही पूर आहे की त्यानंतर कुणीही आलं तरी साधंच वाटणार. क्रम लावताना ते दोन जागा मागे-पुढे करता आलं असतं. 'आय'चं उलट. 'फॅन्सी क्लाउन'च्या भांडणानंतर ते येतं आणि कानातला कडवटपणा उतरतो.

ते भांडणही सहयोगच, म्हटलं तर. 'फॅन्सी क्लाउन'वर पाहुणा म्हणून व्हिक्टर वॉनचं नाव आहे. व्हिक्टर वॉन म्हणजे डूमच. झी झी हिलच्या सोल गाण्याचा लूप चालू असतो आणि व्हिक्टर आपल्या मैत्रिणीला फोनवर सुनावतो की तू मला सोडून त्या मुखवटेवाल्याच्या नादी लागलीस. मुखवटेवाला कोण, हे सांगायला नको. एक माणूस स्वतःच्या दुसऱ्या नावाला फसवतो आणि तिसरं कुणी हजर नसताना दोन मिनिटं त्रागा करतो. यात विनोद आहे, पण फक्त विनोद नाही. आवाजात अपमान खरा वाटतो. इथे त्याने पट्टी किंचित वर घेतली आहे, बाकी अल्बमपेक्षा जरा घाईची, आणि म्हणूनच तो दुसरा माणूस वाटतो. बाकी गाण्यांत आवाज खाली ठेवल्याशिवाय हे साधलंच नसतं.

मॅडलिबकडेही असा एक घरचा पाहुणा आहे, क्वासिमोटो. त्याचा चिरका, हेलियम प्यायल्यासारखा आवाज यंत्राने नंतर चढवलेला आहे असं अनेकांना वाटतं. युक्ती जुनी आणि टेपची आहे. बीटचा वेग कमी करायचा, त्या मंद बीटवर मंद रॅप करायचं, मग सगळं मूळ वेगाला आणायचं. बीट ८० टक्के वेगावर आणला असेल तर परत चढवताना आवाज जवळपास चार अर्धस्वर वर जातो. यात बिघडतं ते असं: मंद वेगात माणूस स्वर लांबवतो, पण व्यंजनं नेहमीच्याच लांबीची ठेवतो, वेग वाढला की व्यंजनं इतकी आखूड होतात की शब्द ओळखू येत नाहीत. म्हणून व्यंजनंही ताणून म्हणावी लागतात. शिवाय 'स', 'श' यांची सळसळ ६ किलोहर्ट्झवर असेल तर ती साडेसात हजारांवर जाते आणि कानाला टोचते, म्हणून माइक किंचित तिरका ठेवलेला बरा. नेहमीच्या आवाजात रॅप करून नंतर पिच चढवणाऱ्यांचं क्वासिमोटोसारखं का होत नाही, याचं उत्तर यातच आहे: त्या मंदपणात जो बेफिकीर, पेंगुळलेला ठेका येतो तो वेग वाढल्यावरही टिकून राहतो. 'अमेरिकाज मोस्ट ब्लंटेड'मध्ये डूम आणि क्वासिमोटो शेजारी ऐकू येतात. एकाने आवाज खाली आणलेला, दुसऱ्याने टेपवर चढवलेला, आणि दोघांच्याही बोलण्यात तीच निवांत ढिलाई.

आजकाल पाहुणा स्टुडिओत येत नाही, त्याची फाइल येते, आणि फाइलबरोबर दुखणी येतात. बीट सकट मिक्स केलेला एकच एमपी३ येतो, ज्यातून आवाज वेगळा काढता येत नाही. रिव्हर्ब, म्हणजे खोलीचा प्रतिध्वनी, आधीच चढवलेला असतो, तो उतरवता येत नाही. फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू न होता व्हर्सच्या पहिल्या शब्दापासून सुरू होते, मग तो शब्द समेवर होता की आधीच्या अर्ध्या मात्रेवर, हे ताडत बसायचं. आणि ताडताना हमखास पाहुण्याचा ठेका मरतो, कारण तो मुद्दाम मागे रेंगाळलेला असतो आणि संगणकासमोर बसलेला माणूस त्याला 'दुरुस्त' करून मात्रांच्या काटेकोर ग्रिडवर आणतो. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ च्या प्रोजेक्टमध्ये न बदलता पडली तर आवाज जवळपास नऊ टक्के वेगाने धावतो आणि दीड अर्धस्वर वर जातो. इतका थोडा फरक की कधीकधी कुणाच्या लक्षातही येत नाही. 'आज जरा वेगळा वाटतोय' एवढंच म्हणतात. मागायचं काय, तर कोरडा आवाज, मोनो, २४ बिट, सगळ्यात मोठा शिखरबिंदू उणे ६ डेसिबलच्या वर नाही, मुख्य थर, दुसरा थर आणि मधल्या हाळ्या वेगवेगळ्या, सगळ्या शून्यापासून. आणि बार किती ते आधी सांगायचं. सोळा मागितले नाहीत तर चोवीस येतात, आणि कुणाचे आठ बार कापणं हे ध्वनीचं काम उरत नाही, ते नात्याचं होतं.

नात्याचं तसं पैशाचं. अमेरिकेत साधारण रीत अशी की गाण्याच्या रचनेचा अर्धा वाटा बीट करणाऱ्याचा आणि अर्धा शब्द लिहिणाऱ्यांचा. दोन रॅपर असतील तर तो अर्धा त्यांच्यात व्हर्सच्या मानाने वाटला जातो. हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच एका कागदावर लिहून सह्या घेतल्या तर पाच मिनिटांचं काम आहे, गाणं चाललं की नंतर वर्षांचं होतं. आणि त्याहून आधीचा सहयोगी तो, ज्याला कुणी विचारलेलं नसतं: सॅम्पलमधला माणूस. त्याचे दोन हक्क, एक त्या रेकॉर्डिंगचा आणि दुसरा रचनेचा, आणि दोन्ही बहुधा वेगवेगळ्या हातांत. 'कर्ल्स'च्या मुळाशी वाल्दिर काल्मों आहे, ब्राझीलचा पियानिस्ट. 'ॲकॉर्डियन'मधला तो श्वास टाकणारा लूप डीडेलसचा आहे, २००२ च्या अल्बमवरचा, म्हणजे जुन्या धुळीतून काढलेला नव्हे, अगदी ताजा, त्याच शहरात काम करणाऱ्या समकालीनाचा. त्या एका लूपमुळे 'ॲकॉर्डियन' आहे. डूमचे शब्द अप्रतिम आहेत, पण ते वाद्य काढून घेतलं तर गाणं उभं राहणार नाही. पाहुण्यांच्या यादीत मात्र डीडेलस नसतो.

याच २००४ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या सहाव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या एका गटावरच्या, अपील न्यायालयाने ब्रिजपोर्ट खटल्यात निकाल दिला. फंकडेलिक या फंक बँडच्या एका गाण्यातला दोन सेकंदांचा गिटारचा तुकडा, सूर खाली आणून, लांबवून वापरलेला. न्यायालयाने म्हटलं, परवाना घ्या नाही तर सॅम्पल करू नका. तुकडा किती लहान याने फरक पडत नाही. कॅलिफोर्निया ज्याच्या अखत्यारीत येतं त्या नवव्या सर्किटने २०१६ मध्ये याच्या उलट मत दिलं, पण मधल्या बारा वर्षांत छोट्या लेबलांनी धसका घ्यायचा तो घेतला होता. 'मॅडव्हिलनी' त्या निकालाच्या सहा महिने आधी दुकानात पोचला होता. हिशेब वेळेचा होता असं कुणी म्हणणार नाही, पण असा अल्बम वर्षभर उशिरा आला असता तर त्यातले किती लूप तसेच राहिले असते, हा विचार मनात येतोच. आणि दुसऱ्या बाजूने हेही येतं, की ब्राझीलमधल्या त्या वादकांच्या हाती यातलं काय पडलं असेल. मला हा अल्बम फार आवडतो, आणि या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

विनाइलवर ४६ मिनिटं एकाच तबकडीत ओढूनताणून बसली असती. एका बाजूला २३ मिनिटं घातली तर खाचा जवळजवळ काढाव्या लागतात, आवाजाची पातळी खाली येते, बेस पातळ होतो, आणि आतल्या वळशांवर 'स'कार फाटतात. म्हणून दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येकी साधारण बारा मिनिटं. खालच्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला याचा फायदा सर्वांत जास्त मिळतो, कारण त्याचं सगळं भांडवल खालच्या पट्ट्यात आहे. मुखपृष्ठावर एरिक कोलमनने काढलेला मुखवट्याचा काळा-पांढरा फोटो आणि कोपऱ्यात जेफ जँकने ठेवलेला छोटासा केशरी चौकोन. बिलबोर्ड २०० यादीत अल्बम १७९ व्या क्रमांकापर्यंत गेला. त्या लेबलच्या मानाने ते थोडं नव्हतं.

दुसरा भाग येणार, येणार असं पुढे अनेक वर्षं ऐकू येत राहिलं आणि तो काही आला नाही. आलं ते २००८ मध्ये, 'मॅडव्हिलनी २' या नावाने: मॅडलिबने डूमचा आवाज तसाच ठेवला आणि खालचे बीट नव्याने केले. म्हणजे पहिल्या वेळी बीटमध्ये बदल होणार नव्हता म्हणून आवाज वाकला. आता आवाजात बदल होणार नव्हता, वाकायचं ते बीटने. त्यातली काही गाणी मला पटत नाहीत. जिथे नवा बीट वेगवान आणि झगझगीत आहे तिथे डूम मागे पडल्यासारखा, दुसऱ्याच्या घरी झोपलेला वाटतो. जिथे मॅडलिबने मधला पट्टा मोकळा ठेवून फक्त ढोल आणि खालचा बेस दिला आहे, तिथे तोच व्हर्स नव्याने ऐकू येतो, आणि मूळ सॅम्पलच्या खरखरीखाली इतकी वर्षं दबलेले श्वासही मोजता येतात.